टेकची ऑफर घेऊन आतून सरकायचं, की फ्रंट ऑफिससाठी नव्याने रांगेत उभं राहायचं?

इन्व्हेस्टमेंट बँकेच्या टेक्नॉलॉजी विभागात इंटर्नशिप झाली, पण मन डील्सकडे, म्हणजे कंपन्यांच्या मोठ्या व्यवहारांकडे ओढतंय, अशांपुढे मुख्यतः दोन वाटा असतात. एक म्हणजे टेकची रिटर्न ऑफर (इंटर्नशिपनंतर मिळणारी कायमची नोकरी) घ्यायची आणि पुढे इंटर्नल मोबिलिटीतून, म्हणजे बँकेतल्या अंतर्गत बदलीतून, विभाग बदलायचा. दुसरी म्हणजे फ्रंट ऑफिसच्या (बँकेसाठी थेट कमाई करणाऱ्या विभागांच्या) समर किंवा ऑफ-सायकल, म्हणजे उन्हाळी हंगामाबाहेरच्या, इंटर्नशिपसाठी नव्याने अर्ज करायचा, आणि पदवीचं वर्ष हातचं जात असेल तर मध्ये फायनान्समधलं मास्टर्स घालायचं.

पहिली वाट सोयीची वाटते, कारण पगार सुरू असतो आणि माणसं ओळखीची होतात. पण 'फ्रंट ऑफिस' या एकाच नावाखाली दोन फार वेगळ्या जागा येतात. ट्रेडिंग डेस्कला टेकची माणसं खेटून असतात. प्रायसिंगचं टूल बंद पडलं की ट्रेडर तुमच्याच खुर्चीशी येऊन उभा राहतो. त्यामुळे डेस्क डेव्हलपरचा स्ट्रॅट (ट्रेडिंगसाठी गणिती मॉडेल बनवणारा) आणि स्ट्रॅटचा ट्रेडर होणं हे अधूनमधून घडतं. ज्यांना ट्रेडिंगच हवंय त्यांनी आतली वाट जरूर धरावी, गणित मात्र पक्कं हवं. याउलट एम अँड ए (कंपन्यांचं विलीनीकरण आणि खरेदी) किंवा कॅपिटल मार्केट्सचं (शेअर-रोख्यांतून भांडवल उभारण्याचं) काम गोपनीयतेच्या भिंतीपलीकडे चालतं. तिथलं डीलचं आर्थिक मॉडेल टेकच्या माणसाला बघायलाही मिळत नाही. ओळख होते ती कॉफीपुरती. तुमचं काम पाहून कुणी तुमच्यासाठी शब्द टाकावा, असा प्रसंगच येत नाही.

माझ्या लेखी तराजू झुकतो तो मात्र वेगळ्याच कटकटीमुळे. टेकमध्ये फुल-टाइम रुजू झालात की तुम्ही कुठल्याच रांगेत बसत नाही. कॅम्पसची भरती पदवीच्या वर्षावर चालते, ते वर्ष उलटलं की अर्ज चाळणीतच गळतो. लॅटरल, म्हणजे अनुभवी लोकांच्या, भरतीला डीलचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे नसतो. उरतो आतला पोर्टल. तिथे सहसा सध्याच्या जागेवर वर्ष-दीड वर्ष काढल्याशिवाय अर्ज करता येत नाही, आणि पुढच्या टप्प्यात मॅनेजरला कळवावं लागतं. मॅनेजर वाईट नसतो, पण 'सॉफ्टवेअरचा हा रिलीज होऊ दे, मग बघू' म्हणतो. त्या रिलीजनंतर दुसरा असतोच. तोवर डीलच्या टीममधली जागा भरलेली असते. एवढं करून जागा मिळालीच, तर बहुधा पहिल्या वर्षाचा अ‍ॅनालिस्ट म्हणूनच सुरुवात. मधला काळ हिशेबात धरतीलच असं नाही.

दुसऱ्या वाटेत खर्च आहे, वेळ जातो, निवड होईलच याची हमी नाही. तरी घड्याळ आपल्या हातात राहतं. मास्टर्स निवडताना अभ्यासक्रमापेक्षा इंटर्नशिपची तारीख आधी बघा. एका वर्षाच्या कोर्समध्ये वर्ग सुरू होण्याआधीच अर्ज टाकायची वेळ येते, म्हणून तयारी प्रवेशाच्या आधीच हवी.

मुलाखतीत कोडिंगवाले हटकून अडखळतात तो प्रश्न असा: घसारा १० ने वाढला, कराचा दर २५ टक्के, तर तिन्ही स्टेटमेंट्सचं (नफा-तोटा पत्रक, कॅश फ्लो, ताळेबंद) काय होतं? घसारा खर्च आहे म्हणून रोकडही घटली, असं सांगून मोकळे होतात. प्रत्यक्षात कर २.५ ने कमी बसतो म्हणून निव्वळ नफा ७.५ ने घटतो, कॅश फ्लोमध्ये घसाऱ्याचे १० परत मिळवले की रोकड २.५ ने वाढते. ताळेबंदात स्थिर मालमत्ता १० ने खाली, रोकड २.५ ने वर, आणि समोरच्या बाजूला साठलेला नफा ७.५ ने खाली. दोन्ही बाजू जुळल्या. हे कागदाशिवाय बोलून दाखवता आलं पाहिजे.

रेझ्युमेवर भाषा आणि फ्रेमवर्कची यादी एका ओळीत आटपा. 'मायक्रोसर्व्हिस लिहिली' यापेक्षा त्या कामाने कोणत्या डेस्कचा किती वेळ वाचला ते लिहा. 'टेक का सोडताय?' याला 'कोडिंगचा कंटाळा आला' हे उत्तर घातक. कामात कंपनीचे कोणते आकडे हाताळले आणि त्यातून व्यवहाराबद्दल कोणता प्रश्न पडला, ते सांगा.

इंटर्नशिप अजून संपली नसेल तर मध्यावरचा रिव्ह्यू होईपर्यंत हा विषय काढू नका. रिव्ह्यू चांगला आला की दोन-तीन अ‍ॅनालिस्टना वीस-वीस मिनिटं मागा. मग एचआरला थेट विचारा, की ऑफरऐवजी दुसऱ्या विभागाची मुलाखत देता येईल का. काही बँका देतात. हा प्रश्न ऑफरवर सही करायच्या आधीच विचारायचा. सही करून नंतर मागे फिरलात, तर निदान त्या बँकेत तरी दुसऱ्या विभागाचं दारही बंद झालं असं धरून चाला.