डोळ्यांदेखत कापून दाखवलेली काच

280 रुपये. जुन्या जाड काचेतून सहा फुटी फिशटँक बांधायचा घाट घालून मी एवढे पैसे वाचवले होते, आणि तेही पहिली काच फुटायच्या आधीच्या हिशेबात.

मी सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात तपासणीला आहे. टॉवेलचा एक धागा सुटला तरी माझ्या नजरेतून सुटत नाही, असं मी चारचौघांत सांगत आलोय. त्यामुळे हे लिहायला जरा जडच जातंय.

मुलाने दोन ऑस्कर मासे आणले होते. आणले तेव्हा बोटाएवढे, वर्षात तळहाताएवढे झाले. ऑस्कर फूटभर वाढतो, हे दुकानदाराने तेव्हा सांगितलं नव्हतं. (तो वेगळा विषय.) मग ठरलं, एकदाच मोठी टाकी करायची. 6 फूट लांब, 2 रुंद, 2 उंच, म्हणजे 680 लिटरच्या आसपास पाणी. बायको म्हणाली, "नळाला चार दिवसांआड पाणी येतंय आणि तुम्ही अख्खं उजनी धरण घरात आणताय." तिचं बरोबर होतं, पण तोवर मी वहीत आकृती काढून बसलो होतो.

काचेचा अभ्यास मी केला होता, हे मुद्दाम सांगतो, कारण अडाणीपणामुळे फसलो असतो तर एवढं लागलं नसतं. काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो. दोन फूट पाण्याच्या तळाशी तो चौरस मीटरला 600 किलोच्या घरात जातो, आणि सहा फुटी टाकीच्या पुढच्या काचेला एकूण सुमारे 340 किलोचा रेटा सोसावा लागतो. म्हणून 12 एमएम काच घ्यायची ठरवली. काचवाले तिला चार सूत म्हणतात. तळ, पुढची, मागची आणि दोन बाजू मिळून 44 चौरस फूट. नव्या काचेचा भाव कापून, कडा घासून 150 रुपये फूट, म्हणजे 6,600.

तेवढ्यात मोबाइलवर जाहिरात दिसली. बँकेची शाखा दुसरीकडे गेली, तिथून निघालेली 12 एमएम काच, 70 रुपये फूट. सात बाय चारच्या शीट. दोन शीटमध्ये माझी टाकी निघत होती: 3,920 रुपये.

रविवारी गेलो. शहराबाहेर पत्र्याचं शेड, आत जुनी दारं, खिडक्या, संडासाची भांडी, आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या काचा. काचांवर चुन्याने काढलेले मोठे फराटे, धूळ, कोपऱ्यांवर चिकटलेले कागद. माणूस मिठ्ठास. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. मी आल्या आल्या विचारलं, "टफन तर नाही ना?" (टफन म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली काच. ती कापायला गेलं की फुटते.) त्याला जणू याच प्रश्नाची वाट होती.

"घाबरता कशाला सर, समोर कापून दाखवतो की ओ."

शेजारी दोनेक फुटांचा एक तुकडा उभा होता. "ह्याच लॉटचा आहे," म्हणाला. तो टेबलावर आडवा घातला, कटर रॉकेलच्या वाटीत बुडवला, पट्टी धरली आणि चर्रर्र करत एक रेघ ओढली. रेघेखाली सळी सरकवून दोन्ही बाजूंनी दाबलं. टक्. पट्टी अशी सरळ सुटली की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी खिशातला व्हर्नियर काढून तुकड्याची जाडी मोजली. 11.9 एमएम. मग भिंतीला टेकलेल्या पुढच्या शीटची कड मोजली, तीही 11.9. आता आणखी काय तपासायचं?

तपासायचं होतं ते हेच, की कापलेला तुकडा आणि मी घेत असलेली शीट यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का. तो जोडला होता फक्त त्याच्या "ह्याच लॉटचा" या दोन शब्दांनी. व्हर्नियर जाडी सांगतो, जात सांगत नाही.

त्याने आणखी एक गळ टाकला. "दोनच नेताय, एखादी कापताना गेली तर? तिसरी पन्नासने लावतो." म्हणजे 1,400. एकूण 5,320. वर "गड्ड्याच्या जत्रेची गर्दी सुरू झाली की टेम्पो मिळत नाही, आजच उचला." ऑनलाइन पैसे पाठवतो म्हणालो, तर म्हणे खात्याचा काहीतरी घोळ आहे, रोखच द्या. चौकातल्या एटीएमवर जाऊन आणले. पावती म्हणून वहीचा अर्धा कागद: 'जुनी काच 3 नग, रोख मिळाले.' सही म्हणून एक गिरगोटा. टेम्पो 700, हमाली 300. बेरीज 6,320. नव्या काचेपेक्षा 280 रुपये कमी! हे गणित मी त्या दिवशी केलंच नाही. सत्तर आणि दीडशे एवढेच दोन आकडे डोक्यात होते.

घरी उतरवताना एक हमाल म्हणाला, "मालक, ही तिसरी हलकी आहे ओ." मी म्हणालो, दमला असशील. उलट आहे, दमलेल्या माणसाला ओझं जड लागतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या भागातले काच कापणारे अण्णा आले. चाळीस वर्षांचा हात आहे. टेबलावर जुनी चादर दुहेरी अंथरली, तिच्यावर पहिली शीट. हात फिरवून म्हणाले, "कड घासलेली आहे. कुठून आणली?" मी आदल्या दिवशीचा प्रयोग रंगवून सांगितला. "तुमच्यासमोर हीच कापली?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, हिच्यातलाच तुकडा. अण्णांनी मला दोन पावलं मागे व्हायला सांगितलं, चष्मा लावला आणि रेघ ओढली. आवाज नेहमीसारखा आला नाही, खरखरला. सळी घालून दाबलं मात्र, बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि सात बाय चारची काच टेबलावर राहिलीच नाही. चादरीवर, फरशीवर, कपाटाखाली, अण्णांच्या खिशात, सगळीकडे खडीसाखरेएवढे खडे. माझ्या पायाला तीन-चार ठिकाणी खरचटलं, बाकी कुणाला काही झालं नाही. आतून बायकोने फक्त "फुटली का?" एवढंच विचारलं.

टफन काच अशीच फुटते. साधी काच सव्वासहाशे अंशांच्या आसपास तापवून तिच्यावर एकदम गार हवेचा झोत मारतात. वरचे थर दाबात राहतात, पोट ताणात राहतं. त्यामुळे ती चार-पाच पट मजबूत होते, पण कटरने त्या तोलाला धक्का लागून फटीने पोट गाठलं की पूर्ण शीट जाते. तिला कापायचं, भोक पाडायचं, कड घासायची ते सगळं भट्टीत जायच्या आधीच. नंतर ती आहे त्याच मापात खपली तर खपली. जुन्या बाजारात ती स्वस्त का मिळते त्याचं उत्तर यातच आहे, आणि बँकांची, शोरूमची दर्शनी जाड काच बहुतेक टफनच असते. जाहिरातीतला 'बँकेची' हा शब्द वाचून मी खुश झालो होतो. खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं.

दुसरी शीट अण्णांनी कटर न लावता तपासली. कोपऱ्यावर चिकटलेला कागद ब्लेडने खरवडला. खाली काचेतच उमटवलेला बारीक शिक्का निघाला, त्यात आयएस 2553 असं होतं. हे सुरक्षा काचेचं भारतीय मानक. शिक्क्यावर नेमका कागद कसा चिकटला, हे तुम्हीच ठरवा. बाकीच्या कोपऱ्यांवरही कागद होते, म्हणजे एकाच कोपऱ्याचा संशय यायला नको.

संध्याकाळी मेहुण्याचा पोलराइज्ड गॉगल आणला. लॅपटॉपवर पांढरा पडदा उघडला, मुलाने तो काचेच्या मागे धरला आणि मी गॉगल लावून, मान जरा तिरकी करून पुढून पाहिलं. दुसऱ्या शीटमध्ये काळपट ठिपके ओळीने दिसले, चित्त्याच्या कातडीसारखे. गार हवेच्या झोतांनी राहिलेला ताण असा दिसतो. तिसऱ्या शीटमध्ये काही नाही, स्वच्छ. म्हणजे ती साधी. आनंद झाला आणि मी व्हर्नियर लावला: 9.8. दहा एमएम! हमाल खोटं बोलला नव्हता. काचेचं वजन चौरस मीटरला दर एमएममागे अडीच किलो भरतं. सात बाय चारची 12 एमएम शीट 78 किलोची, 10 एमएमची 65. तेरा किलोंचा फरक त्याच्या खांद्याला कळला, मला कळला नाही. आमच्या कारखान्यात चांगला तोलकाटा आहे, हे वर.

दोन एमएमने काय बिघडतं, असं मला नंतर कुणी कुणी म्हणालं. वाकताना काचेत येणारा ताण जाडी कमी झाली की तिच्या वर्गाने वाढतो. बाराच्या जागी दहा लावली तर तोच पाण्याचा रेटा काचेत 44 टक्के जास्त ताण आणतो, आणि जुन्या काचेवर ओरखडे असतील तर तडा तिथूनच सुरू होतो. अण्णा हे आकडे सांगत नाहीत, ते म्हणतात, "रात्री दोनला जाईल."

मी त्या माणसाला फोन लावला. पहिल्यांदा तो म्हणाला, तुमच्या मिस्त्रीला कापता येत नाही. शिक्क्याचं सांगितल्यावर म्हणाला, जुन्या मालाची गॅरंटी कुठे असते सर. 9.8 सांगितल्यावर फोन कट. पुढच्या रविवारी शेडला कुलूप होतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर बोललो. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि बिल, विक्रेत्याचं नाव, पत्ता विचारला. माझ्याकडे गिरगोटा होता. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण ती कुणाविरुद्ध हे तर लिहावं लागेल. मोबाइलवरून पैसे दिले असते तर निदान खात्यावरचं नाव तरी हाती राहिलं असतं. चारशेवीसचं कलम आता न्याय संहितेत 318 झालंय, एवढी माझ्या ज्ञानात भर पडली.

म्हणून, कुणी जुन्या काचेतून टाकी करणार असेल तर आपला कापणारा सोबत न्या. प्रत्येक शीटची, जी उचलणार त्याच शीटची, दोन बोटं रुंद पट्टी पैसे द्यायच्या आधी कापून घ्या. विकणारा "नासेल" म्हणाला तर घरी परत या. बिजागरीची किंवा कुलपाची भोकं, खाचा दिसल्या तर ती काच टफनच समजा. काचेची कड नीट निरखून पाहा. जाडीच्या मध्ये रेघ दिसली तर दोन काचा चिकटवून जाडी केलेली असू शकते, आणि दोन सहा एमएम एका बारा एमएमची ताकद देत नाहीत. काच धुवायला लावा. चुना, धूळ, कागद यांच्या खालीच सगळं असतं.

तिसऱ्या शीटमधून अण्णांनी चार बाय दीड बाय दीडची टाकी काढून दिली, अडीचशे लिटरची. काचा जोडायला बाथरूमचं बुरशीरोधक सिलिकॉन वापरलं तर ते माशांना विषारी, हे मला माहीत होतं, तेवढी एक चूक केली नाही. आठवडाभर व्हिनेगरसारखा वास जाईपर्यंत टाकी कोरडी ठेवली. एक ऑस्कर मित्राला दिला. टफनची उरलेली शीट गॅलरीत उभी आहे, सात बाय चारचं टेबल कुणाला हवं असेल तर.

मागच्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. फोटो तोच, भाव 75. मेहुण्याच्या फोनवरून लावला आणि आवाज बदलून विचारलं, टफन नाही ना?

"घाबरता कशाला सर," तो म्हणाला, "समोर कापून दाखवतो की ओ."