कोकमाचं मुठेल: टाचांना फर्स्ट क्लास, नडग्यांना काठावर पास

कोकणात कसली आलीय थंडी म्हणून घाटावरचे पाहुणे हसतात आम्हाला. पण जानेवारीत पहाटे मतलई वारा सुटला की अंग कसं उलतं ते इथे राहिल्याशिवाय नाही कळायचं, आणि वर दुपारी परत घाम आहेच.

आमच्या सासूबाई ७८ च्या, त्यात साखर. गेल्या थंडीत नडग्यांवर पांढरे पापुद्रे, रात्रभर खाजवून सकाळी चादरीवर रक्ताचे डाग, टाचांच्या भेगा तर बघवत नव्हत्या. आधी मी शहाणपणा करून ऑनलाइन एक 'कोकम बटर' लोशन मागवलं, ४०० च्या वर पैसे गेले. मागचं बारीक अक्षर नंतर वाचलं तर पहिलं पाणी, मध्ये सेंट, आणि कोकम पार शेवटच्या ओळीत! लावल्या लावल्या चुरचुरायला लागलं. "माका कसला क्रीम लावतंस गो, मी काय व्हकल (नवी नवरी) आसंय?" असं म्हणून त्यांनी बाटली कपाटावर टाकली ती अजून तिथेच आहे.

मग कुडाळच्या बाजारात एका बाईंकडे मुठेल मिळालं, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, काहीजण भिरंडेल म्हणतात. बिया वाळवून कुटून पाण्यात उकळायच्या, वर आलेलं तेल काढून थिजायला लागलं की मुठीत दाबून वळायचं, म्हणून मुठेल. १२० रुपयांना दोन गोळे, वर बोटांचे ठसे तसेच. लेबल नाही, तारीख नाही, त्यामुळे कधीचं आहे ते विचारून आणि वास घेऊनच घ्या, खवट असेल तर नको. चांगल्याला वास जवळजवळ नसतोच. चाळीस डिग्रीच्या आसपास वितळतं त्यामुळे बोटावर घेतलं की लगेच विरघळेल असं नाही, तळहातावर चांगलं घासावं लागतं. मी वाटीत घालून वाटी गरम पाण्यात ठेवते, पण लावायच्या आधी आपल्या मनगटावर बघायचं, साखरेच्या माणसाला पायाला चटका बसलेला कळत नाही.

टाचांना आणि ओठांना एक नंबर, पंधरा दिवसांत भेगा मिटत आल्या. नडग्यांना मात्र आठवडाभर काही फरक नाही, मी जवळजवळ एक स्टार देणार होते.

तेवढ्यात डॉक्टरांकडे जायची पाळी होती तिथे खरी गोष्ट कळली. सासूबाई बंबातलं कढत पाणी घेऊन पायांना दगड आणि साबण लावून खसाखसा घासायच्या. म्हातारपणी कातडीत मुळात तेल कमी सुटतं, जे असतं ते असं धुऊन गेलं की मग वरून काहीही थापा. आता पाणी कोमट, आंघोळ पटकन, साबण फक्त काखेत आणि जांघेत, आणि अंग टिपून थोडं ओलं असतानाच दोन-तीन मिनिटांत लावायचं. नडग्यांना डॉक्टरांनी बिनवासाचं साधं क्रीम दिलं आणि त्यावर मुठेलचा हलका हात. खाज आठवडाभरात निम्म्यावर आली. नाही थांबली तर थायरॉईड, किडनी तपासू म्हणाले होते, म्हणजे प्रत्येक खाज थंडीचीच असेल असं नाही.

तक्रारी पण आहेत. कपड्यांना तेलकट डाग पडतात. बोटांच्या बेचक्यांत लावायचं नाही, तिथे ओल राहून चिखल्या होतात. आणि लावून लादीवर चाललं तर सरळ घसरगुंडी! म्हणून टाचांना रात्री पलंगावर बसवूनच लावते आणि वर सुती मोजे, ज्यावरून रोज भांडण. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल तर मात्र हे प्रयोग नकोत, आधी दवाखाना.

स्टार द्यायचे तर टाचांसाठी पाच, नडग्यांसाठी तीन, आणि त्या ऑनलाइनवाल्याला काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

यंदा चार गोळे आणलेत. परवा मोजले तर तीनच, चौथा सासूबाईंनी गरम पेजेत घालून संपवला म्हणे, त्यांच्या लहानपणी तसंच खायचे.