जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण: साबणाचं पाणी की कडुनिंबाचं तेल?

जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके, आकसलेली चिकट पानं आणि फांदीवर मुंग्यांची ये-जा दिसली, की समजावं पिठ्या ढेकूण आला. पुष्कळजण त्याला बुरशी समजतात आणि भलतंच औषध मारतात.

साबणाच्या पाण्याचा परिणाम लवकर दिसतो. लिटरभर पाण्यात चमचाभर सौम्य लिक्विड सोप पुरतो. पण पाणी किडीच्या अंगाला लागलं तरच ती मरते, वाळल्यावर काही असर उरत नाही. मऊ अंगाच्या माव्याला एवढं पुरतं. पिठ्याच्या अंगावर मात्र मेणकट आवरण असतं आणि कापसातली अंडी वाचतात.

तिथे मी कडुनिंबाचं तेल निवडते: १ लिटरला ५ मिली. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून आधी त्यात साबणाचे थोडे थेंब घोटून घ्यायचे. यातलं अ‍ॅझाडिरॅक्टिन किडीचं खाणं कमी करतं, पिल्लांचं कात टाकणं बिघडवतं. त्यामुळे फरक दिसायला दिवस लागतात, धीर धरायला हवा. ते उन्हात लवकर निकामी होतं. फवारणी संध्याकाळीच करा, पानांच्या खालूनही, आणि आठवड्याने पुन्हा.

दोन्हींआधी जुन्या टूथब्रशने पुंजके खरवडून काढा, फार लागलेला शेंडा सरळ कापून टाका. मुंग्यांनाही अडवा. गोड चिकट रसासाठी त्या पिठ्याची राखण करतात आणि त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात.