पँटोप्राझोल ४० : एकतीस महिन्यांचा अनुभव

छातीतली जळजळ आणि रात्री घशाशी येणारं आंबट पाणी यासाठी ही आम्ल कमी करणारी ४० मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. चिठ्ठीवर आठ आठवडे लिहिलं होतं, मी घेतली एकतीस महिने. कारण साधं, गुण येत होता. चौथ्या दिवसापासून सलग झोप लागली. उशांना टेकून बसून रात्री काढलेल्या माणसालाच ते सुख कळेल. त्यामुळे औषधाला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही.

अडीच वर्षांच्या सुमारास तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. आधी वाटलं, पाय अवघडला असेल. मग दोन्ही पाय, मग रोज रात्री. पुढे चप्पल पायातून निसटली तरी कळेना. बोलताना ओळखीची नावं ओठांवर येऊन अडायची, आणि मी खरी घाबरले ती यानेच. हिमोग्लोबिन व्यवस्थित होतं, म्हणून बी-१२ कडे कुणाचं लक्षच गेलं नाही. शेवटी तपासलं तेव्हा १४२ निघालं, खालची मर्यादा २०० च्या आसपास असते.

अन्नातलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं आणि ते सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं. ही गोळी ते आम्ल सोडणारे पंपच बंद करते. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून कमतरता उशिरा आणि गुपचूप येते, तोवर मज्जातंतूंच्या आवरणाला झळ बसलेली असू शकते. २०१३ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, दोन वर्षं किंवा जास्त काळ या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये बी-१२ च्या कमतरतेची शक्यता सुमारे ६५ टक्क्यांनी अधिक दिसली होती. मॅग्नेशियमही उतरू शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०११ मध्येच तसा इशारा दिला होता. फार उतरलं तर पेटके, झटके येतात. माझं काठावर होतं.

स्मृतिभ्रंशाचं मात्र वेगळं आहे. २०१६ चा जर्मन आणि २०२३ चा अमेरिकी अभ्यास दीर्घ वापराशी त्याचा संबंध दाखवतात, तर काही अभ्यासांत तो सापडलेला नाही. शिवाय ही सगळी निरीक्षणं आहेत. गोळी घेणारे मुळातच जास्त आजारी असतात, तेव्हा दोष गोळीचा की आजाराचा हे त्यावरून ठरत नाही. मी या भीतीने गोळी सोडली नसती.

पण सोडायला गेले ती चुकीच्या पद्धतीने, एकदम. तिसऱ्या दिवशी जळजळ दुप्पट. दाबून ठेवलेलं आम्ल उसळी मारतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग डॉक्टरांनी २० मिलिग्रॅमवर आणलं, नंतर दिवसाआड, मधल्या दिवशी फॅमोटिडीन, म्हणजे आम्ल कमी करणारी वेगळ्या प्रकारची गोळी. यात अडीच महिने गेले. ज्यांना अल्सरमधून रक्तस्राव झालाय, अन्ननलिकेला जखमा आहेत किंवा ॲस्पिरिन चालू आहे, त्यांनी माझं वाचून स्वतःच गोळी बंद करू नये, ही कळकळीची विनंती. त्यांना ती खरोखर लागते. बी-१२ आणि मॅग्नेशियमची तपासणी मात्र मागून घ्या.

मला बी-१२ ची इंजेक्शनं सुरू होऊन पाच महिने झाले. नावं आता पटकन आठवतात. मुंग्या गेल्या, फक्त डाव्या पायाचा अंगठा अजून बधिर आहे.