कॅप-हैतियनचा पाण्याचा किऑस्क: साडेतीन तारे

हैतीत कामासाठी येणाऱ्याला पहिल्या दिवसापासून लागतं ते पिण्याचं पाणी, म्हणून हे लिहितेय. कॅप-हैतियन या शहरातल्या क्लूनी बाजाराच्या मागच्या गल्लीत निळा किऑस्क आहे. भिंतीतून तोटी बाहेर आलेली, तिच्याखाली आपला पाच गॅलनचा जार लावायचा. सकाळी लवकर गाठा, नंतर बादल्यांची रांग पार रस्त्यावर येते. सुटे गूर्द, म्हणजे इथलं चलन, न्या. मोठी नोट पुढे केली की खिडकीतल्या मादाम ती न उचलता नुसत्या बघत राहतात.

पाणी आरओचं, चवीला छान. पाणी तपासणं हा माझा धंदाच, त्यामुळे किट सोबत असतं. तोटीखालच्या नमुन्यात ई-कोलाय, म्हणजे मैला मिसळल्याची खूण देणारा जंतू, नाही. पण क्लोरीन तपासायची गोळी टाकली तर पाणी गुलाबी व्हायला हवं, ते ढिम्म तसंच राहिलं. म्हणजे पाण्यात क्लोरीन नाही; तोटीपर्यंत ते चोख, पुढे त्याला जंतूंपासून राखण नाही. घरी कोणी उघड्या बादलीत हात घालून पेला बुडवला की संपलं. 2010 च्या ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतला मैला नदीत उतरला आणि कॉलऱ्याने सुमारे 10,000 माणसं नेली. 2022 मध्ये तो परत आला. अशा ठिकाणी ही उणीव मी किरकोळ धरत नाही. मादामना म्हटलं, थोडं क्लोरीन टाका की. तर म्हणाल्या, वास आला की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं.

पाणी महाग विकतात म्हणून किऑस्कवाल्यांना बोल लावणं मात्र मला पटत नाही. घराघरांत नळ असता तर जार घेऊन कोण आलं असतं? आणि नळाला पैसा का उरला नाही, तेही बघा. गुलामांनी लढून 1804 मध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र केलेल्या या देशाकडे फ्रान्सने 1825 मध्ये युद्धनौका पाठवून 15 कोटी फ्रँक मागितले, आधीच्या फ्रेंच मळेवाल्यांची म्हणे नुकसानभरपाई! पुढे आकडा 9 कोटींवर आला, तरी त्यापायी काढलेली कर्जं फिटायला 1947 उजाडलं. अलीकडचं सांगायचं तर, या भागातल्या देशांना विकासासाठी कर्ज देणाऱ्या इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने 1998 मध्ये पाणीपुरवठ्यासाठी मंजूर केलेलं कर्जही अमेरिकेने अडवून धरलं होतं.

क्लोरीन नाही म्हणून दीड तारा कापला. जार अरुंद तोंडाचा, खाली तोटी असलेला घ्या आणि भरण्याआधी क्लोरीनच्या पाण्याने विसळा. रविवारी बंद.