‘एका व्हॅल्व्हमध्ये अख्खं घर सेफ’ म्हणणाऱ्याला ३६,८०० रुपये देऊन बसलोय, तुम्ही देऊ नका

घरात पाणी गळलं की मेसेज देणारे सेन्सर आणि पाणी आपोआप बंद करणारा व्हॅल्व्ह बसवून घेतला. बुकिंगचे १०,०००, फिटिंगच्या दिवशी २२,८०० आणि वर ‘एएमसी’, म्हणजे वार्षिक देखभालीचे, म्हणून ४,०००. सगळे यूपीआयने. बिलावर दुकानाचं नाव एक, पैसे जमा झाले भलत्याच माणसाच्या खात्यात. बिल तरी कसलं, ‘एस्टिमेट’ छापलेला कागद, जीएसटी नंबरचा पत्ता नाही. असा कागद हातात आला की पुढचा रुपया सोडू नका.

नाशिकला पाथर्डी फाट्याकडे आमचा फ्लॅट आहे. सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी या विक्रेत्याचा नंबर टाकला होता, म्हणजे मी काही रस्त्यावरून माणूस उचलून आणला नव्हता. सिंकखाली, गीझरखाली, वॉशिंग मशीनमागे वगैरे मिळून सहा सेन्सर, एक हब (सेन्सरचा सिग्नल घेऊन मोबाइलपर्यंत पोहोचवणारा डबा), एक मोटरवाला व्हॅल्व्ह. पाणी सांडलं की मोबाइलवर मेसेज, व्हॅल्व्ह आपोआप बंद. दिवाळीत आम्ही निफाडला जातो, घर बंद असतं, म्हणून घ्यावंसं वाटलं. आणि वस्तू म्हणून हे खोटं नाहीच. सेन्सरच्या बुडाला धातूची दोन टोकं असतात, मधे पाणी आलं की सर्किट पूर्ण होतं. मी अंबडला मेंटेनन्समध्ये आहे, एवढं मला कळतं. पण मी इलेक्ट्रिक पॅनेलवाला, प्लंबर नव्हे, हेही लक्षात घ्या.

आता डेमो. हा प्रसंग आठवला की अजून डोकं फिरतं. त्यानं बेसिनखालच्या सेन्सरवर चमच्यानं पाणी ओतलं. त्याच्या फोनवर मेसेज आला. त्याच्या, माझ्या नाही! डक्टमधली मोटर घर्र करून फिरली आणि बाथरूमचा नळ थांबला. मी खूश. तेवढ्यात बायको किचनमधून म्हणाली, ‘अहो, इकडचा नळ तर चालूच आहे.’ तो गडी हसत म्हणाला, ‘मॅडम, लाइनीत उरलेलं पाणी आहे, पाच मिनिटांत जाईल.’ आणि बोलत बोलत आत जाऊन त्यानं स्वतःच्या हातानं तो नळ बंद केला. पाच मिनिटं नळ उघडा ठेवला असता तर माझे २२,८०० वाचले असते. पण लाइनीत पाणी उरतं हे खोटं आहे का? नाही ना. त्यानं बरोबर तेच पकडलं.

नंतर आमच्या प्लंबरनं सांगितलं ते ऐका. बऱ्याच बिल्डिंगमध्ये गच्चीवरच्या टाकीतून किचनची लाइन वेगळी येते, प्रत्येक बाथरूमची वेगळी. घरात एकच मेन कॉक असतो हे बंगल्याचं गणित. फ्लॅटमध्ये एक व्हॅल्व्ह एकच लाइन बंद करणार. जितक्या लाइनी, तितके व्हॅल्व्ह. कुणी ‘एकात भागतं’ म्हणाला तर दाराबाहेर काढा.

हबची गोष्ट तर याहून भारी. ‘नवा पीस येतोय सर, तोवर माझा ठेवतो’ म्हणाला आणि जाताना डेमोचा हब बॅगेत घालून गेला. हे सेन्सर झिगबी नावाच्या वेगळ्या वायरलेस सिग्नलवर चालतात, ते थेट वायफायला जोडता येत नाहीत. हब नाही म्हणजे मेसेजही नाही. हब ताब्यात आल्याशिवाय आणि तुमच्या स्वतःच्या फोनवर अलर्ट आल्याशिवाय पैसे देऊ नका. शिवाय सिंकखालचा सेन्सर पठ्ठ्यानं भिंतीला डबल टेपनं चिकटवला होता, फरशीपासून वितभर वर. पाणी काय उडी मारून त्याला शिवणार होतं?

दिवाळीत आम्ही निफाडला असताना सिंकखालच्या प्युरिफायरचा पाइप निसटला. मेसेज सेन्सरचा नाही, वॉचमनचा फोन आला. दाराखालून पाणी जिन्यात आलं होतं. ट्रॉलीचं प्लायवूड फुगलं, २७,५०० खर्च. खालच्यांच्या सिलिंगचे ९,००० तेही आम्हीच भरले.

आणि पोलीस? ‘वस्तू दिलीय ना त्यानं? मग फसवणूक कसली? हे दिवाणी आहे, ग्राहक आयोगात जा.’ यूपीआयचं म्हटल्यावर सायबरकडे पिटाळलं. तिथं म्हणे, तुम्ही स्वतःहून पाठवलेत, ओटीपी कुणी चोरला नाही, आमच्याकडे येत नाही. बँकेचं उत्तरही तेच, फक्त इंग्रजीत. हबचे पैसे घेऊन हब न देणं ही फसवणूक नाही, तर मग कशाला म्हणतात? १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचं जुनं चारशेवीस जाऊन भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम आलं, टेबलापलीकडचं उत्तर मात्र जुनंच. एकानं तर मलाच ऐकवलं, ‘शिकलेली माणसं तुम्ही, बघून घ्यायचं ना.’ अर्जाच्या प्रतीवर पोहोच मारून घ्यायलाही वाद घालावा लागला. ती मात्र सोडू नका, शिक्का मिळेपर्यंत हलू नका.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही, तोही अर्ज तयार आहे. त्याचा जुना नंबर बंद आहे, पण गंगापूर रोडकडच्या नव्या बिल्डिंगच्या स्कीममध्ये तोच कागद, तेच ‘सर, मॅडम’ चालू असल्याचं कानावर आलंय. कुणाकडे त्याचं एस्टिमेट किंवा यूपीआयचा स्क्रीनशॉट असेल तर जपून ठेवा आणि मला कळवा. अर्जाला जोडायचा आहे.