'मुळशीची सेंद्रिय भाजी' आणि आगाऊ भरलेले सहा हजार

पुण्यात बाणेर, वाकड, कोथरूड या भागांतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'थेट शेतातून, विषमुक्त, सेंद्रिय भाजी' असा मेसेज फिरत असेल आणि तीन महिन्यांचे पैसे आगाऊ मागत असतील, तर भरण्याआधी हे वाचा. नाव लिहीत नाही, कारण एकदा त्यांनी ते बदललंच आहे. पद्धत मात्र तीच ठेवलीय, तेव्हा पद्धतच सांगते.

योजना अशी. तीन महिन्यांचे सहा हजार, दर शनिवारी कापडी पिशवीतून सात-आठ प्रकारची भाजी दारात. सोबत एक चिठ्ठी: 'मुळशीतल्या आपल्या शेतातून'. आपल्या! ग्रुपवर रोज सकाळी जीवामृताच्या (शेण-गोमूत्राच्या द्रावणाच्या) पिंपाचा, गाईचा, वाफ्यात बसलेल्या आजींचा फोटो. बोलणारा मुलगा गोड, प्रत्येकीला 'ताई' नाहीतर 'मावशी' म्हणणारा. पैसे भरल्यावर शिवारफेरी झाली. पिठलं-भाकरी, ठेचा, बांधावर फोटो. मेथी, पालक, वांगी, टोमॅटोचे नीटनेटके वाफे पाहून सगळे खूश. शेत किती, तर वीस गुंठे. म्हणजे अर्धा एकर. ग्रुपवर दीडशे घरं. अर्ध्या एकरात दर आठवड्याला दीडशे घरांची आठ-आठ प्रकारची भाजी निघते का, हे तिथे कुणी विचारलं नाही. भाकरी गरम होती.

पहिली शंका काढली आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी. त्या सासवडकडच्या, माहेरी अजून शेती. मे महिन्यात पिशवीत मटार आला तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, आमच्याकडं मटार पावसावर पेरतात. मेमध्ये मुळशीत कुठला मटार? हा हिमाचलचा असणार." मी त्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, आपण नैसर्गिक पद्धतीनं घेतो ना, म्हणून येतो." हे उत्तर तेव्हा ग्रुपवर टाळ्यांच्या इमोजींसह खपलं.

मग आषाढ लागला. मुळशीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, त्या दिवसांत तिथे भाताची खाचरं तुडुंब भरलेली असतात. आणि आमच्या पिशवीत गाजर, फ्लॉवर, सिमला मिरची, कोथिंबिरीच्या टवटवीत जुड्या. गाजरं मशीनवर धुतलेली, एका मापाची. एकदा बटाटे कापडी पिशवीत न भरताच आले, पोऱ्याने गोणीच दारात आणून उघडली. गोणीवर निळ्या शाईत आडत्याचा मार्का आणि गाळा नंबर. मुळशीतल्या आजी मार्केट यार्डात गाळा कधीपासून चालवायला लागल्या?

सगळ्यात हुशारी होती ती खराब मालात. पालकाला भोकं, वांगी किडकी, टोमॅटो बारीक आणि वाकडे. 'औषध मारलेलं नाही त्याची खूण' म्हणून लोक कौतुकाने फोटो टाकायचे. लिलावात ज्या मालाला कुणी हात लावत नाही, तो निवडून मातीमोल भावात उचलायचा आणि 'गावरान' म्हणून दुपटीने विकायचा! भोक पडलेलं पान म्हणजे सेंद्रिय, हा समज आपल्याकडे इतका घट्ट आहे की विकणाऱ्याला काही सिद्ध करावंच लागत नाही. फवारलेल्या पालकालाही अळी लागते, आणि नीट राखलेली सेंद्रिय मेथी देखणी येऊ शकते.

काकू आणि मी प्रमाणपत्र मागितलं. आधी आलं: "आम्ही लहान शेतकरी, आम्हाला सूट आहे." ही थाप अर्धी खरी असल्यामुळे जास्त धोक्याची. सेंद्रिय अन्नाबद्दल एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, 2017 चे नियम आहेत. त्यांत स्वतः पिकवून थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला प्रमाणपत्रातून सूट आहे, पण वार्षिक उलाढाल 12 लाखांच्या आत असेल तर. दीडशे घरांचे सहा-सहा हजार म्हणजे एका तिमाहीतच 9 लाख. आणि दुसऱ्याचा माल आणून विकणाऱ्याला ही सूट नाहीच.

हे लिहून पाठवल्यावर एक पीडीएफ आली. लोगो, सही, शिक्का, सगळं होतं. शेवटच्या पानावर पिकांची यादी असते, ती लोक उघडतच नाहीत. आम्ही उघडली. भात आणि नाचणी, संपलं. भाजीचं नाव नाही, मुदत आदल्या वर्षीच संपलेली, आणि नाव भलत्याच शेतकरी गटाचं.

शेवटी आम्ही दोघी पुन्हा त्या शेतावर गेलो, न सांगता. वाफ्यांच्या जागी गवत. शेजारच्या खाचरात जमिनीचे मालक लावणीत होते. म्हणाले, "भाजी? ह्या पावसात भाजी कुठली हो ताई. त्यांनी पाटी लावाया आन् फोटो काढाया जागा भाड्यानं घेतलीया. उन्हाळ्यात चार वाफे केलते, तेवढंच."

मी हे सगळं ग्रुपवर टाकलं. मला काढून टाकलं, काकूंनाही.

यातलं कामाचं तेवढं सांगते. प्रमाणपत्र दोन प्रकारचं असतं. एनपीओपीचं (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं) अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यात पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या, यंत्रणेतून येतं, तर पीजीएस-इंडियाचं, शेतकऱ्यांनी एकमेकांची तपासणी करण्याच्या पद्धतीचं, शेतकरी गटाला मिळतं. पीडीएफवर जाऊ नका, क्रमांक मागा आणि त्या-त्या यंत्रणेच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा: कुणाच्या नावाचं, कोणत्या पिकांचं, मुदत कधीपर्यंत. 'पीजीएस-ग्रीन' असेल तर ती जमीन अजून रूपांतराच्या काळात आहे, म्हणजे पूर्ण सेंद्रिय झालेली नाही. 'रेसिड्यू फ्री' (औषधाचा अंश न उरलेला) म्हणजे सेंद्रिय नव्हे, त्यात फवारणी झालेली असू शकते. फसलात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही. पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट, मेसेज आणि ती चिठ्ठी जपून ठेवा. मी चिठ्ठ्या फेकल्या नव्हत्या, तक्रारीत त्याच जोडल्या आहेत. उरलेल्या आठवड्यांचे पैसे अजून परत आलेले नाहीत.

मला चीड आली ती मात्र वेगळ्याच गोष्टीची. त्या ग्रुपमधली बरीच घरं अजून भाजी घेतात. लिफ्टमध्ये एकीला विचारलं, तर म्हणाल्या, "अहो, मुळशीची काय नि मार्केट यार्डाची काय, निवडलेली येते, वेळेवर येते. आणि मुलांना सांगायला बरं वाटतं, आपलं शेत आहे म्हणून." ह्या बाई दुकानात बिस्किटाच्या पुड्यामागचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचतात. सध्या त्याच मुलाची नवी जाहिरात फिरतेय. भाजीचं नाव बदललंय आणि जोडीला 'लाकडी घाण्याचं तेल' आहे. आगाऊ रक्कम आता साडेसात हजार.